सात दिवसांत चेहरा उजळवणारी डबी: आत काय आहे, हे कोण तपासणार?

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या वर्गातली एक मुलगी खिडकीजवळचा बाक सोडून मागच्या कोपऱ्यात बसायला लागली. विचारलं तर म्हणाली, ऊन लागलं की तोंड जळतं. जवळून पाहिलं तर गाल लालभडक, कातडी कागदासारखी पातळ, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आणि कानाजवळ नव्यानेच उगवलेली लव. पालकसभेला तिची अम्मी आली तेव्हा गोष्ट कळली. घरात मोठ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. खालाने एक क्रीम आणून दिली, ती दोघी बहिणींनी लावली. अम्मी म्हणाली, "पहले आठ दिन में चेहरा ऐसा साफ हुवा के सब पूछने लगे. बंद किया तो पहले से जादा काला पड गया. फिर लगाना पडा."

ही एकाच घराची गोष्ट असती तर आम्ही ती इथे लिहिली नसती. पिंप्राळ्यात, जळगावच्या मोहल्ल्यांत, धुळ्यात, भुसावळात, जिथे जिथे आम्ही पालकांशी बोललो तिथे तिथे असलं काहीतरी ऐकायला मिळालं. क्रीमचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं. कुणी जनरल स्टोअरमधून घेतली, कुणी ब्युटी पार्लरमधून, कुणी मेडिकलवरून, कुणाला मोबाईलवर जाहिरात पाहून घरपोच आली. पण गोष्ट तीच. आधी झटपट उजळपणा, मग जळजळ, मग बंद करायची भीती.

म्हणून प्रश्न असा आहे की सात-आठ दिवसांत चेहऱ्याचा रंग बदलेल असं त्या डबीत असतं तरी काय? याचं उत्तर बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं. एक तर पारा, नाही तर स्टेरॉइड.

अकोल्यात काय घडलं?

जळगावहून नागपूरच्या गाडीत बसलं की भुसावळ, मलकापूर, शेगाव आणि मग अकोला. २०२३ साली या अकोल्याची एक बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि तिच्या दोन मुली, मूत्रपिंडाच्या आजाराने त्रस्त झाल्या. घराण्यात असा आजार नव्हता. एका घरात तिघींची किडनी एकदम कशी बिघडली, याचा शोध डॉक्टरांनी घेतला, तेव्हा तिघी वापरत असलेली एकच वस्तू समोर आली. ओळखीच्या पार्लरमधून घेतलेली, चेहरा उजळवणारी क्रीम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिची तपासणी झाली आणि तिच्यात मर्यादेच्या कितीतरी पट जास्त पारा निघाला.

ही एकटी घटना नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या ॲस्टर मिम्स रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका विशिष्ट किडनीविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत नेल-१ नावाच्या प्रथिनाशी जोडलेला दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणाऱ्या क्रीम वापरत होते. 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. दिलाशाची बाब एवढीच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये 'ऑपरेशन सौंदर्य' नावाने दुकानांवर छापेही घातले.

मलप्पुरम कुठे आणि खानदेश कुठे, असं म्हणू नका. तिथेही आपल्यासारखीच घरं आहेत. कुणी भाऊ आखातात आहे, कुणी मामू बाहेरगावाहून सामान आणतो, आणि त्या बॅगेत घरातल्या बायकांसाठी एखादी क्रीम असतेच.

पारा काम कसं करतो?

शाळेत शिकवतो तसंच सांगतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचा रंग तयार होतो. तो तयार करायला टायरोसिनेज नावाचं विकर लागतं आणि त्या विकराला तांब्याची गरज असते. पारा त्या तांब्याच्या जागी जाऊन बसतो आणि विकराचं काम थंडावतं. रंग बनणं कमी झालं की चेहरा उजळ दिसतो. म्हणजे क्रीम खोटी नाही, ती 'काम' करते. धोका इथेच आहे. जी वस्तू काम करत नाही ती माणूस फेकून देतो. जी करते ती शेजारणीलाही सांगतो.

पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. पायावर, डोळ्यांखाली सूज येणं, लघवीला फेस येणं, विनाकारण थकवा, हातांचा कंप, झोप न लागणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. पाऱ्याची वाफही होते. म्हणून तोच टॉवेल, तीच उशी वापरणाऱ्या घरातल्या लहान मुलांनाही तो बाधू शकतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही धोका असतो.

आता कायदा पाहू. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा वस्तूंत पारा घालायला मनाई आहे. नकळत मिसळलेला पारा दहा लाख भागांत एक भाग एवढाच चालतो. अपवाद फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांचा, तिथे ७० भागांची मर्यादा आहे. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. मिनामाता हे जपानमधलं गाव. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला आणि पिढ्या बरबाद झाल्या. या कराराच्या २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलं की २०२५ नंतर पारा घातलेली कोणतीच सौंदर्यप्रसाधनं बनू नयेत आणि देशांच्या सीमा ओलांडू नयेत. पूर्वीची एक भागाची सूटही तिथे काढून टाकली गेली.

कागद असा भक्कम आहे. पण कागद जिनिव्हात आणि दिल्लीत. डबी मात्र आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात.

इथे एक कडू गोष्ट आपल्या लोकांनाच सांगायला हवी. डब्यावर उर्दू अक्षरं दिसली की आपल्या आया-बहिणींना वाटतं, ही 'आपली' वस्तू, भरवशाची. आम्ही स्वतः उर्दू वाचतो, शिकवतो, त्या लिपीवर जीव आहे. पण लिपी म्हणजे तपासणीचा दाखला नव्हे. खुद्द पाकिस्तानच्या हवामान बदल मंत्रालयाने २०१९ च्या अखेरीस जाहीर केलं होतं की त्यांनी तपासलेल्या ५९ क्रीमपैकी ५६ मध्ये पारा मर्यादेपेक्षा जास्त निघाला. ज्या देशात त्या बनतात तिथलं सरकार हे सांगतंय, आणि आपण त्या 'इम्पोर्टेड' म्हणून जास्त पैसे देऊन घेतोय!

दुसरा गुन्हेगार मेडिकलवर मिळतो

पारा निदान चोरवाटेने येतो. स्टेरॉइड तर राजरोस, पक्क्या पावतीवर येतं.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. ही औषधं वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. पण ती चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते आणि बंद केलं की आग होते. मग माणूस परत लावतो. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर नेमकं हेच होतं. त्वचारोगतज्ज्ञ याला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' म्हणतात.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण पाहिले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. यातल्या २९ टक्के लोकांनी ते गोरं होण्यासाठी किंवा साधी क्रीम म्हणून लावलं होतं. ५९ टक्क्यांहून जास्त लोकांना हा सल्ला डॉक्टरने दिलेलाच नव्हता. दुष्परिणाम मात्र ९० टक्क्यांहून जास्त लोकांना झाला होता. आणि जहाल स्टेरॉइडचा वापर शहरापेक्षा ग्रामीण व उपनगरी भागात जास्त होता. पिंप्राळ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडं असलेल्या क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याआधी कायद्यात पळवाट होती. गोळी-इंजेक्शनला चिठ्ठी लागे, पण तेच औषध मलमात असलं की सूट. ती पळवाट बुजली, पण सवय तशीच राहिली. 'मुंह साफ करने की ट्यूब दो' म्हटलं की काउंटरवरून ट्यूब येते, चिठ्ठी कुणी मागत नाही. सगळेच औषध दुकानदार असे आहेत असं आम्ही म्हणत नाही. काही जण स्पष्ट नकार देतात, त्यांचं कौतुक आहे. पण एकाने नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

मग डागांवर इलाज नाहीच का?

आहे, आणि चांगला आहे. पण आधी डाग कसला आहे ते कळलं पाहिजे. मराठीत ज्याला वांग म्हणतात आणि आपल्या घरांत झाइयां म्हणतात, ते गालांवर, कपाळावर तपकिरी पट्टे उमटवतं. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन आणि आनुवंशिकता ही त्याची मुख्य कारणं. मुरूम, भाजणं, खाजवणं यांनंतर राहणारे डाग निराळे. हेअर डाय, काळी मेंदी, सुगंधी अत्तर थेट कातडीवर लावणं, यांच्या ॲलर्जीनेही काळेपणा येतो. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा असेल तर कधी कधी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. कपाळावरचा आणि घोट्यावरचा सजद्याचा गट्टा हा घासण्याने जाड झालेल्या कातडीचा आहे. त्याला क्रीमची गरज नाही.

आणि मानेचा काळेपणा! शाळेत दरवर्षी अशी मुलं दिसतात. आई मैल समजून दगडाने, ब्रशने घासत राहते. तो मैल नसतो. मान आणि काखेतली मखमली काळी कातडी ही पुष्कळदा वाढलेल्या वजनाची आणि पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची सूचना असते. तिथे घासणी नको, रक्तातली साखर तपासा.

वांगावर डॉक्टर जे देतात त्यात हायड्रोक्विनोनचं स्थान जुनं आहे. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड यांचं मिश्रण सुचवलं. त्यावरूनच आजची 'तीन औषधांची' ट्यूब आली. गंमत म्हणजे त्याच १९७५ मध्ये भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आली, जिचं नाव २०२० मध्ये बदलून ग्लो अँड लव्हली झालं. ती प्रसाधन, ही औषधाची ट्यूब. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच कपाटात, एकाच समजुतीने राहतात. तीन औषधांची ट्यूब साधारण आठ आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर आणि डॉक्टरच्या नजरेखाली लावायची असते. आपण ती पूर्ण चेहऱ्याला, वर्षभर, नाइट क्रीम म्हणून लावतो. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट निळसर काळे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. दक्षिण आफ्रिकेत असे चेहरे इतके दिसले की १९९० मध्ये तिथे प्रसाधनांत त्यावर बंदी आली. गरोदर बायकांनी तर ही ट्यूब लावूच नये.

अझेलेइक ॲसिड, कोजिक ॲसिड, नियासिनामाइड, व्हिटॅमिन सी, ट्रानेक्झॅमिक ॲसिड ही सौम्य औषधं आहेत. त्यांना महिने लागतात. कुणी आठवड्यात फरक दाखवतो म्हणाला तर समजा, तो खोटं बोलतोय किंवा ट्यूबमध्ये सांगितलं नाही असं काही आहे.

या सगळ्यांच्या आधी येतं ऊन. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. (हा पारा हवेतला, तरी चेहऱ्याला तोही पुरेसा आहे!) कापसाच्या, केळीच्या शेतात राबणाऱ्या बाईने कितीही महाग औषध लावलं आणि उन्हापासून चेहरा वाचवला नाही तर पैसा पाण्यात. रुंद ओढणी, छत्री आणि एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, हाच पहिला इलाज. सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी परत लावायचं असतं आणि लोक तिथेच कंटाळतात. आपल्याला मात्र सोय आहे. सकाळी बाहेर पडताना एकदा लावा. जोहरच्या वुजूने ते धुतलं जाईल, नमाजनंतर परत लावा. उन्हात काम असेल तर असरनंतरही. नमाजच्या वेळाच आठवण करून देतील.

खरा बाजार कुठे आहे?

हे सगळं लिहून झालं तरी खऱ्या प्रश्नाला हात लागलेला नाही. ही क्रीम दुकानात विकली जाते, पण तिची मागणी घराच्या बैठकीत तयार होते. रिश्ता बघायला आलेली माणसं मुलीचं शिक्षण विचारतात, स्वयंपाक विचारतात, आणि परत गेल्यावर निरोप येतो, "लडकी अच्छी है, पर रंग जरा दबा हुवा है." हे वाक्य ज्या मुलीच्या कानावर पडतं ती दुसऱ्या दिवशी डबी घेऊन येते. तिला दोष कसा द्यायचा?

आपण मिंबरवरून हजरत बिलाल रजि. यांचं नाव किती आदराने घेतो. आखरी खुतब्यातली शिकवण, की गोऱ्याला काळ्यावर कसली बढाई नाही, मोठेपण फक्त तकव्याचा, ही प्रत्येक मुलाला मकतबमध्ये शिकवली जाते. आणि तोच मुलगा मोठा होऊन अम्मीला सांगतो, गोरी हवी. ही गोष्ट फक्त आपल्याच समाजात आहे असं नाही. शेजारच्या गल्लीतही 'गोरी, सुंदर वधू पाहिजे' अशाच जाहिराती निघतात. पण दुसऱ्यांचं बोट दाखवून आपली जबाबदारी कमी होत नाही.

आमच्यावरही आहे ती. शाळेच्या स्नेहसंमेलनात परीची भूमिका कुणाला आणि राक्षसाची कुणाला, हे आम्ही शिक्षक कशावरून ठरवतो? वर्गात एखाद्याला 'कालू' म्हटलं की आम्हीही कधी हसून सोडून दिलेलं आहे. डबीची सुरुवात तिथूनही होते.

आता काय करायचं?

घरात अशी क्रीम असेल तर आजच बघा. घटकांची यादीच नसेल, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, बाहेरच्या देशातली असून भारतातल्या आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर ती वापरू नका. मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरिक क्लोराइड असे शब्द असतील तर प्रश्नच संपला. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल तर सावध व्हा. जे सोन्याला बाधतं ते कातडीला काय सोडणार?

पाऱ्याची क्रीम लगेच बंद करायची आणि डॉक्टरला सांगून लघवी व किडनीची तपासणी करायची. स्टेरॉइडची ट्यूब मात्र महिनोन् महिने लावली असेल तर स्वतःच्या मनाने झटक्यात सोडू नका. सोडल्यावर जी आग होते तिच्यामुळेच बायका परत त्याकडे वळतात. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, धुळ्यातही शासकीय महाविद्यालय आहे. केसपेपर काढा आणि वापरलेली ट्यूब सोबत न्या. लाजू नका.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. एका बाईच्या तक्रारीने हलणार नाही ते दहा जणींच्या सह्यांनी हलू शकतं. मोहल्ल्यातले बचत गट आणि महिला इज्तेमा यांनी हे काम हाती घ्यावं. जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी पाच मिनिटं या विषयाला दिली तर आमच्या दहा लेखांपेक्षा जास्त परिणाम होईल.

त्या मुलीचं काय झालं, असं वाचक विचारतील. तिला डॉक्टरकडे नेलं. लाली कमी व्हायला सहा महिने लागले. डाग अजून पूर्ण गेलेले नाहीत. बहिणीचं लग्न झालं, आणि नवऱ्याकडच्यांनी रंगाबद्दल एक शब्दही काढला नाही, असं अम्मी सांगत होती. ज्या भीतीने ती डबी घरात आली, ती भीती त्या घरात तरी फुकटची ठरली. यंदा ती मुलगी परत खिडकीजवळच्या बाकावर बसते, फक्त दुपारी पडदा ओढून घेते.

अल्लाह आपल्या लेकींना सलामत ठेवो, आणि आपल्याला त्यांच्याकडे नीट बघायची नजर देवो.